ताईंची गाठ

"चोरी करायची तर निदान पिकल्यावर तरी करायची, बाई."

आवाज बांधाच्या पलीकडून आला आणि प्रियदर्शिनीचा हात भाताच्या लोंबीवरच थांबला. तिच्या मागे पहिलीचा अख्खा वर्ग रांगेत उभा होता. कुणाच्या मुठीत तेरड्याचं फूल, कुणाच्या खिशात गोगलगायीचा रिकामा शंख, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर ताई कशा छान पकडल्या गेल्या याचा निर्मळ आनंद.

"चोरी नाही," ती म्हणाली. "ऋतूच्या मेजासाठी हवी होती. एकच."

"कसलं मेज?"

डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, पोटऱ्यांपर्यंत चिखल माखलेला एक तरुण बांधावर चढून आला होता. रागावलेला मुळीच दिसत नव्हता. उलट सकाळी सकाळी फुकटात करमणूक लाभल्यासारखा दिसत होता.

"वर्गात एक मेज असतं," तिने समजावलं. "बाहेर जो ऋतू चालू असेल तो आम्ही त्याच्यावर मांडतो. पानं, फुलं, बिया..."

"म्हंजे बाहेर जे फुकट दिसतं ते आत नेऊन बघायचं."

"हो... म्हणजे, तसंच."

"मग बघा." त्याने तिच्या हातातल्या लोंबीचा एक दाणा नखाने दाबला. पांढरा थेंब वर आला. "अजून दूध हाय आत. पुनवेपर्यंत थांबा. तवा मीच आणून देतो, शाळेत. चोरून न्यायला नको."

"आमच्या ताईंचं नाव प्रियदर्शिनी आहे," वर्गातल्या अंकिताने कुणी विचारलेलं नसताना सांगितलं. "तुमचं?"

"सुशांत," तो अंकिताला म्हणाला, पण बघत होता ताईंकडे. प्रियदर्शिनीने वर्गाला घाईघाईने माघारी वळवलं. घाई कसली होती, ते तिचं तिलाच ठाऊक.

माळावरची ती शाळा स्टायनर पद्धतीची होती, पण कापडे गावात तिला कुणी त्या नावाने ओळखत नसे. गावाच्या लेखी ती 'बिनपुस्तकाची शाळा'. मुलं पाठ्यपुस्तकं वाचत नाहीत, सुया घेऊन विणतात, ओल्या कागदावर रंग सांडतात, मेणाचे ससे करतात. सुरुवातीला गाव हसलं, मग आपापली पोरं पाठवू लागलं, आणि हसणंही चालूच राहिलं. प्रियदर्शिनी महाडहून रोज स्कूटीने यायची. पहिलीच्या बाई बाळंतपणासाठी गेल्या होत्या, तेवढ्या सत्रापुरती तिची नेमणूक. पण त्या बाई आता परत यायच्या नव्हत्या, आणि मुख्याध्यापिका शर्मिलाताईंनी तिला एकदा चहा पिता पिता विचारून टाकलं होतं.

"दिवाळीच्या सुट्टीआधी सांग. पण पूर्ण विचार करून सांग. आपल्याकडे वर्गशिक्षक पहिलीला हात धरतो तो आठवीला सोडतो. मध्ये सोडायचा नसतो."

आठ वर्षं. प्रियदर्शिनीने आजवर आठ महिनेसुद्धा काही धड धरलं नव्हतं. फार्मसी अर्धी सोडली, महाडच्या औद्योगिक वसाहतीतली नोकरी सोडली, मग पुण्याला एका कोर्सला गेली आणि तिथे या पद्धतीच्या प्रेमात पडली. हे प्रेम तरी किती टिकतं बघू, असं आई उघडच म्हणायची. बाबा तहसील कचेरीत कारकून. त्यांनी पनवेलच्या एका मोठ्या शाळेत शब्द टाकून ठेवला होता. पर्मनंट, पीएफ, सगळं.

आपल्याला हे नक्की हवंय की हीही एक लहर आहे, हे तिला कळत नव्हतं. आणि या वेळी तिला खरंच भीती वाटत होती, कारण सोडून जायला समोर पहिल्यांदाच माणसं होती, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना पुढचे दात नव्हते.

सप्टेंबर सरता सरता शाळेत धैर्याचा सण झाला. या पद्धतीच्या शाळांमधून तो जगभर होतो. ड्रॅगनची गोष्ट सांगतात, कणकेचा ड्रॅगन भाजतात, आणि प्रत्येकाने एक धाडस करायचं असतं. इथे धाडस म्हणजे शाळेमागच्या ओढ्यावरचा साकव ओलांडणं. दोन सुपारीची खोडं आणि वर आडव्या फळ्या, बाकी सगळी भिस्त नशिबावर. साकव मजबूत करायला शर्मिलाताईंनी कुणाला बोलावलं असेल, तर सुशांतला.

मुलं एकेक करून पलीकडे गेली. शेवटी प्रियदर्शिनी उरली. खाली परतीच्या पावसाचं पाणी खळाळत होतं.

"हात देऊ?" सुशांतने पलीकडून विचारलं.

"नको. धैर्याचा सण आहे."

"मग डोळे तरी उघडा."

तिने उघडले. तो हसत नव्हता, नुसता उभा होता, हात किंचित पुढे, ती घसरली तर असावा म्हणून. ती पार झाली आणि हात न धरताच त्याच्या जवळून पुढे गेली. मागाहून दिवसभर तिला त्या न धरलेल्या हाताचीच आठवण येत राहिली. धरला असता तर इतकी आली नसती.

दसऱ्याला, अशोक विजयादशमीला, ती महाडच्या बुद्धविहारात वंदनेला गेली तेव्हा पांढऱ्या साड्यांच्या गर्दीत कुणीतरी मागून म्हणालं, "आज मेजावर काय मांडलंय, बाई?"

पांढरा शर्ट, नीट विंचरलेले केस. चिखलाशिवाय तिने त्याला क्षणभर ओळखलंच नाही. बरोबर त्याची आई होती, गीताबाई. प्रियदर्शिनी वाकली तशी तिने अर्ध्यातूनच उठवलं आणि पोरीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ही व्हय ती, लोंबी चोरणारी," गीताबाई म्हणाली.

"आई," सुशांत कानकोंडा झाला.

"मंग? रोज सांगतोस की."

प्रियदर्शिनीने खिरीच्या द्रोणात तोंड लपवलं. रोज सांगतो... खीर गोड होती, पण इतकीही नसावी.

त्या दिवशी दोघं विहाराच्या खांबाला टेकून बरंच बोलली. तिने शाळेत राहायचं की नाही हा आपला पेच सांगितला. घाटकोपरच्या एका ऑफिसात तो होता. लॉकडाऊनमध्ये गावी आला, बापाच्या मागे शेती बघितली आणि परत गेलाच नाही. "मित्र म्हणतात येडा झाला," तो म्हणाला. "झालो असेन. पण तिकडं मी रोज सुट्टीची वाट बघायचो. हितं बघत नाय." हे तिला कुठेतरी लागलं. सुट्टीची वाट... ती स्वतः हल्ली सोमवारची वाट बघत होती.

मग आली नव्याची पुनव.

शाळेने कोजागिरी दुपारीच उरकली, कारण एवढ्या पोरांना चांदणं उगवेपर्यंत थोपवून धरण्याची छाती कुणाचीच नव्हती. सुशांतने शब्द पाळला, हळव्या, लवकर पिकणाऱ्या भाताच्या लोंब्यांचा भाराच आणला. शाळेत भाकऱ्या थापणाऱ्या ठकूबाईने पोरांना नवं बांधायला शिकवलं. लोंबी, आंब्याचं पान, कुरडूचं फूल, झेंडू, सगळं एकत्र धरून वर दोरा गुंडाळायचा.

"देवाचं हाय का हे?" अंकिताने विचारलं.

"आमच्या वाडीत देवाचं नाय करत," सुशांत म्हणाला. "पण नवं बांधतो. आजा म्हणायचा, भात आपल्या घामाचं, त्याचं कौतुक आपणच करायचं."

गाठ मारताना पोरं जोडीने बसली होती. एकाने दोऱ्यावर बोट ठेवायचं, दुसऱ्याने आवळायचं. प्रियदर्शिनीला जोडीदार नव्हता. आणि तिच्या गाठीची कीर्ती वर्गात आधीच पसरलेली. विणकामाच्या तासाला कुणाचा दोरा सुटला की पोरं म्हणायची, ताईंची गाठ. बुटाची नाडी बांधावी तसा ती गोंडस फुलवा काढायची, आणि तो सुटायचाच.

मुलांनी आपापली नवी घरच्या दाराला बांधायला दप्तरात ठेवली. वर्गाच्या दाराला एक बांधलं. एक उरलं. फाटकाशी सुशांतची मोटारसायकल उभी होती. एवढा भारा आणून दिला, बिचाऱ्याच्या गाडीला काहीच नाही, असं तिच्या मनात आलं. तिने आभार मानायच्या सरळ भावनेने ते नवं त्याच्या हँडलला बांधलं, फुलवा काढून.

मागे वळली तर पोरांना न्यायला आलेल्या सगळ्या आया तिच्याकडेच बघत होत्या. मग एकीने पदर तोंडाला लावला आणि दुसरी खोकल्याचं निमित्त करून भिंतीकडे वळली.

"काय झालं?"

ठकूबाईने तिला बाजूला ओढलं. "अगो बाय, नवं आपल्या वस्तूला बांधतात. आपलं दार, आपलं जातं, आपली गाडी. परक्याच्या वस्तूला बांधलंस, म्हंजे ती आपली म्हटलीस की गो."

प्रियदर्शिनीला माळावरच्या माळावर गडप व्हावंसं वाटलं. तेवढ्यात सुशांत आला. गाडी बघितली, आया बघितल्या, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झालेल्या बाई बघितल्या.

"मी... मला माहीत नव्हतं. काढते."

"काढत नसतात," तो शांतपणे म्हणाला. "एकदा बांधलं की वरीसभर राहतं."

त्याने किक मारली आणि निघून गेला. हँडलवर लोंबी डुलत होती. प्रियदर्शिनीने ती वळणापर्यंत बघितली. लाज वाटत होती, हे खरं. पण तिच्या जोडीला आणखीही काहीतरी वाटत होतं, आणि ते लाजेपेक्षा बरंच मोठं होतं.

आणि त्यानंतर सुशांत शाळेत यायचाच बंद झाला.

तिसरीच्या मुलांना कापणी दाखवायची होती, तर त्याने चुलत्याला पाठवलं. पेंढा हवा होता, तो गड्याबरोबर आला. प्रियदर्शिनी खिडकीतून फाटकाकडे बघायची आणि मग स्वतःवरच चिडायची. एकदा कापड्याच्या नाक्यावर अचानक समोरासमोर आले.

"शाळेचं काय ठरलं?" त्याने विचारलं.

"अजून नाही."

"मग आधी ठरवा," तो म्हणाला, आणि काहीतरी बोलायचं राहून गेल्यासारखा घुटमळला. "...येतो."

एवढंच. तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हणजे गावासमोर चेष्टा झाली म्हणून अंग काढून घेतलं गड्याने. ठीक आहे. पनवेल काही वाईट नाही. तिने रात्री जेवताना बाबांना सांगूनही टाकलं, विचार करते म्हणून. बाबा खूश झाले. ती मात्र अर्ध्या पानावरूनच उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी वर्गाच्या दारात उभी होती. इथे रोज प्रत्येक मुलाचा हात हातात घेऊन, डोळ्यांत बघून, आत घ्यायचं असतं. अंकिता आली, हात दिला आणि आ केला. खालचा पुढचा दात एका धाग्यावर लटकत होता.

"ताई, हा आज पडणार. तुम्ही बघा हं. पहिला घरी पडला तेव्हा तुम्ही नव्हता."

"बघते."

"आणि वरचे दुसरीत पडतील. आई म्हणते. तेव्हा तुम्ही त्या पलीकडच्या दारात उभ्या राहणार ना?"

तिने विचारलं असं नाही, तिने सांगितलंच, आणि आत जाऊन बसली. प्रियदर्शिनी सकाळभर गोष्ट सांगत होती, रंग कालवत होती, आणि डोळा त्या दातावर. मधल्या सुट्टीत भाकरीच्या तुकड्याबरोबर तो निघाला. अंकिताने तळहातावर धरून तो थेट तिच्याकडे आणला, रक्ताळलेल्या तोंडाने हसत. आणि प्रियदर्शिनीच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. वरचे पडतील तेव्हा दारात दुसरंच कुणी उभं असेल, हे तिला सहन होईना. लहर अशी नसते. लहरीत उद्याची काळजी नसते.

ती तशीच शर्मिलाताईंच्या खोलीत गेली. "मी राहते. आठवीपर्यंत."

शर्मिलाताईंनी चष्मा वर केला. "एक विचारू? भाताच्या शेतामुळे तर नाही ना?"

"नाही ताई," ती म्हणाली. "दातामुळे."

बाबांना सांगणं सोपं नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाले, "या वेळी आवाज वेगळा आहे तुझा." आईने पानात आणखी एक पोळी वाढली. त्या घरात होकार असाच मिळायचा.

सत्राच्या शेवटच्या दिवशी कंदिलांची फेरी. मुलांनी स्वतः रंगवलेल्या कागदांना खोबरेल तेल चोळलेलं, म्हणजे उजेड आरपार येतो. आत पणती. सूर्य डोंगरामागे गेला आणि शाळेपासून बांधाबांधाने ती मिणमिणती रांग निघाली, हळू आवाजात गाणं म्हणत. कापून झालेल्या शेतांना पेंढ्याचा वास होता. फेरी संपायची होती सुशांतच्या खळ्यावर. गीताबाईने नव्या भाताचे पोहे करते म्हणून शर्मिलाताईंना आधीच सांगून ठेवलेलं. सतरंज्या आणि दुधाची किटली पोचवायला प्रियदर्शिनीची स्कूटी दुपारीच ठकूबाईच्या मुलाने तिथे नेऊन लावली होती, त्याच्या मोटारसायकलला अगदी खेटून.

पोरं पोह्यांवर तुटून पडली. प्रियदर्शिनी कंदील घेऊन गाड्यांपाशी गेली. किटली काढायला, असं तिने स्वतःला सांगितलं.

त्याच्या हँडलवर नवं अजून होतं. पान सुकलेलं, झेंडूचा चोथा, लोंबीतले दाणे चिमण्यांनी टिपून नेलेले. तिने कंदील जवळ धरला. आणि बघतच राहिली.

फुलवा नव्हता. दोरा चापूनचोपून गुंडाळून कडक गाठ मारलेली होती. अशी गाठ तिला सात जन्मांत जमली नसती.

"तुमची दुसऱ्याच दिवशी सुटली," मागून सुशांत म्हणाला. "नवं रस्त्यात पडलं, कुडपणच्या वळणावर. मागं जाऊन शोधून आणलं."

"आणि पुन्हा बांधलंत?"

"बांधलं."

"मग इतके दिवस आला का नाही?" आवाज चिडका यायला हवा होता, तो भलताच हळवा आला.

सुशांतने कंदिलाकडे बघितलं. "मी रोज फाटकाशी आलो असतो, आनि तुम्ही राहिला असता... तर उद्या एखाद्या वाईट दिवशी तुम्हाला वाटलं असतं, त्याच्यापायी राहिले. मला ते नको व्हतं. शाळेला तुमचं उत्तर तुमचंच पायजे. म्हणून थांबलो. लई कठीण गेलं, खोटं कशाला बोलू."

"मी काय काय समजले," ती म्हणाली. "पनवेलला निघालेच होते."

"मग कशी राहिलात?"

"अंकिताचा दात पडला."

त्याला काही कळलं नाही, पण तो समजल्यासारखा हसला. मग शर्टाच्या खिशातून त्याने एक नवं काढलं. गरव्या, उशिरा पिकणाऱ्या भाताची भरलेली लोंबी, ताजं पान, कुरडूचं गुलाबी बोंड.

"हे तुमच्या स्कूटीला बांधू?" त्याने विचारलं. "तुम्ही न विचारता बांधलंत. मी विचारून बांधणार."

खळ्यावर पोरांचा कलकलाट चालू होता. प्रियदर्शिनीच्या छातीत त्याहून जास्त.

"स्कूटी माझी नाही," ती म्हणाली. "बाबांच्या नावावर आहे."

त्याचा चेहरा पडला. "म्हंजे..."

"म्हणजे त्यांना विचारावं लागेल, महाडला येऊन. दिवाळीत कचेरी बंद असते, घरीच असतात. आईला पण आणा. माझ्या आईला तुमच्या आईसारखंच थेट बोलणारं माणूस आवडतं."

त्याने हातातलं नवं वर धरलं. मग म्हणाला, "आनि तोवर ह्याचं काय करू?"

"तोवर द्या इकडे."

तिने नवं स्कूटीच्या हँडलला लावलं, दोरा गुंडाळला, आणि सवयीने फुलवा काढला. फुलवा लगेच सैल पडून घसरू लागला. पलीकडून अंकिताचा बोबडा झालेला आवाज आला, "ताईंची गाठ..." आणि सगळा वर्ग खिदळला.

"सोडा," सुशांत म्हणाला. "पुन्हा घालू. तुम्ही बोट ठेवा."

तिने दोऱ्यावर बोट ठेवलं. त्याने दोन्ही टोकं ओढली, वाकून, श्वास रोखून, आणि गाठ आवळली. तिने बोट काढून घ्यायला जरा उशीरच केला.